माजघरांतल्या गोष्टी : नायक कोणीं व्हावें ?

मालवणास असलेल्या आमच्या धाकट्या बहिणीचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आलें. हल्लीं पत्रें लिहिण्याची चाल राहिली नाहीं. तेव्हां चांगलें चार पानांचें पत्र पाहून प्रथम मनांत धस्स झालें. मजकूर वाचल्यावर काळजीचें कारण निराळेंच निघालें. तिचा मुलगा पदवी घेऊन मुंबईस राहिला आहे, आणि नाटकाचा नाद त्यास लहानपणापासून आहे. दूरचित्रवाणीवरील कोणा एका विनोदी मालिकेसाठीं नटांची निवड चालली आहे असें कळल्यावरून तो तेथें गेला. त्याच्या हातीं उतारा दिला तो नायकाचा. नायक म्हणजे मुंबईंतला एक कारकून. दोन वाक्यें म्हणून होतांच परीक्षकांनीं त्यास थांबविलें, दुसरा कागद पुढें केला आणि "हा वाचून दाखवा, तुमच्या बोलण्याला हा शोभेल," असें सांगितलें. तो कागद घरगड्याच्या भूमिकेचा होता.

बहिणीनें शेवटीं विचारलें आहे कीं, मुलाचें बोलणें सुधारण्यासाठीं त्यास शिकवणी लावावी काय? "दादा, तूं चार ठिकाणीं पाहिलें आहेस, तूंच त्याला दोन शब्द सांग." त्याखालीं भाच्यानें आपल्या हातानें एकच ओळ लिहिली आहे, आणि तीही मुद्दाम मालवणींत : "मामानू, माज्या बोलण्यात काय वायट आसा, तां माका सांगा."

उत्तर लिहावयास बसलों तें लांबत गेलें. लिहितां लिहितां असेंही वाटूं लागलें कीं हा प्रश्न एका घरचा नाहीं. म्हणून त्या उत्तराचें सार या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें पाहूं कीं विनोदी मालिकेचा नायक निवडतात तो कसा. नाटकाचा किंवा चित्रपटाचा नायक आपणांस दोन-तीन तास भेटतो. रूपानें, आवाजानें, डौलानें तेवढा वेळ त्यानें आपणांस धरून ठेवलें म्हणजे त्याचें काम झालें. मालिकेंतला माणूस मात्र पानें मांडण्याच्या वेळेस घरांत येतो आणि महिनोन् महिने येत राहतो. पाहुण्यास आपण एका मापानें मोजतों, रोजच्या शेजाऱ्यास दुसऱ्या. शेजारी देखणा नसला तरी चालतें. त्याचा कंटाळा येतां कामा नये. विनोदी नायकाच्या स्वभावांत एखादें वैगुण्य असावेंच लागतें : तो भित्रा असेल, बढाईखोर असेल, कवडीचुंबक असेल. तें वैगुण्य पाहून हंसूं यावें, पण माणसाविषयीं तिटकारा येऊं नये, असा चेहरा व असा आवाज निर्माते शोधीत असतात. आणखी एक गोष्ट आहे. पाठ केलेला विनोद पुष्कळांस म्हणतां येतो. दुसरा बोलत असतां ऐकण्याची कला थोड्यांस साधते, आणि विनोदी प्रसंगांतलें अर्धें हंसें या ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरच पिकत असतें.

व्यवहाराची हल्लींची रीत अशी आहे. लेखक पात्रांचें टिपण करतो; निवडीचें काम पाहणारा माणूस, ज्यास कास्टिंग डायरेक्टर म्हणतात, तो नट बोलावतो; प्रत्येकास एक-दोन पानांचा उतारा देऊन कॅमेऱ्यापुढें म्हणावयास लावतात. यालाच ऑडिशन म्हणावयाचें. त्यांतून जे दोन-चार उरतात त्यांस पुन्हां बोलावून समोरच्या पात्राबरोबर उभें करतात, कारण जोडी जमते कीं नाहीं हें एकेकट्यास पाहून कळत नाहीं. शेवटचा शब्द बहुधा वाहिनीचा असतो. याखेरीज एक रुक्ष प्रश्न विचारला जातो : हा मनुष्य महिन्यांतले किती दिवस मोकळा आहे? रोजच्या मालिकेचें चित्रीकरण दिवसाकाठीं बारा-बारा तास चालतें आणि नायकावांचून तेथें पान हलत नाहीं. कित्येक गुणी नटांची भूमिका केवळ तारखा न जमल्यामुळें दुसऱ्याकडे जाते.

जोडीचें महत्त्व पाहावयाचें तर मराठी माणसास दूर जावयास नको. चिंतामण विनायक जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ छापील पानांवरून आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरीं येऊन बसले. १९४० सालीं मास्टर विनायक यांचा 'लग्न पहावें करून' हा चित्रपट निघाला. त्यांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. पुढें १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर तीच जोडी आली, तेव्हां दिलीप प्रभावळकर चिमणराव होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होते. दामुअण्णांची ती प्रसिद्ध तिरळी नजर कोठें आणि प्रभावळकरांचा किडकिडीत, बावरलेला चेहरा कोठें! दोहोंत साम्य शोधून सांपडणार नाहीं. तरीही लोकांनीं दोघांसही चिमणराव म्हणून मान्य केलें. दोन्ही वेळां जमलें तें दोघां भावांमधील अंतर : एक बिचकत बोलणारा, दुसरा दणकून बोलणारा. हें अंतर साधलें म्हणजे चेहरा कोणताही चालतो.

अमेरिकेंत याचा पडताळा फार खर्चून घेतला गेला. 'ऑल इन द फॅमिली' या तेथील गाजलेल्या मालिकेचा नमुना-भाग तीनदां करावा लागला. १९६८ व १९६९ सालचे दोन नमुने एका वाहिनीनें नापसंत केले; तिसरा दुसऱ्या वाहिनीनें घेतला आणि १९७१ च्या जानेवारींत मालिका सुरू झाली. या खटाटोपांत मुलगी व जांवई या भूमिकांचे नट दोनदां बदलले. परंतु तोंडाळ नवरा कॅरोल ओकॉनर आणि भोळी बायको जीन स्टेपलटन हीं दोघें पहिल्यापासून शेवटपर्यंत तींच राहिलीं. घराचा कणा या दोघांच्या जोडींत आहे हें करणाऱ्यांनीं ओळखलें होतें.

येथपर्यंतचें सर्व ऐकून वाचक म्हणतील, मग भाच्याचें काय बिघडलें? त्याचा चेहरा बरा आहे, ऐकण्याची कला त्यास आहे, तारखाही मोकळ्या आहेत. बिघडलें तें दोन वाक्यांत बिघडलें, आणि तें त्याच्या उच्चारांत होतें. याच अमेरिकेंतली दुसरी एक हकीकत या ठिकाणीं आठवते. १९५० सालीं ल्युसिल बॉल या नटीस घेऊन दूरचित्रवाणीवर नवरा-बायकोची विनोदी मालिका करावी असें सीबीएस कंपनीनें ठरविलें. नवऱ्याचें काम माझ्या खऱ्या नवऱ्यासच द्या, असा तिनें आग्रह धरला. तो नवरा म्हणजे क्यूबा बेटांतून आलेला डेसी आर्नाझ. त्याचें इंग्रजी परक्या वळणाचें. अशा बोलण्याचा मनुष्य अमेरिकन घरांतला नवरा म्हणून लोक पत्करणार नाहींत, असें कंपनीचें म्हणणें पडलें. तेव्हां त्या जोडप्यानें वाद घालण्याऐवजीं आपला छोटा खेळ घेऊन गांवोगांव दौरा केला आणि प्रेक्षकांकडूनच निकाल मिळविला. १९५१ च्या ऑक्टोबरांत 'आय लव्ह ल्युसी' सुरू झाली आणि थोड्याच काळांत त्या देशांतली सर्वांत अधिक पाहिली जाणारी मालिका ठरली. परीक्षकांच्या कानास जें खटकलें तें लोकांच्या कानास गोड लागलें.

आतां आमच्या सिंधुदुर्गाकडे वळूं. या किनाऱ्यावर नट पारखण्याची एक जुनी शाळा आहे, ती म्हणजे दशावतार. कार्तिकापासून देवळांच्या जत्रा लागतात आणि वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा नांवांचीं मंडळें गांवोगांव हिंडूं लागतात. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळीं नट देवळाशीं येऊन पोहोंचतात, त्या रात्रीचें आख्यान ठरतें, कोणीं कोण व्हावयाचें तें ठरतें, आणि प्रत्येक जण आपला पेटारा उघडून स्वतःचें तोंड स्वतः रंगवूं लागतो. राजपार्ट कोणाचा, स्त्रीपार्ट कोणाचा, खलपार्ट कोणाचा हें अंगच्या गुणांवरून वर्षानुवर्षें मुरत गेलेलें असतें. स्त्रीपार्टही पुरुषच करतात. पाठ केलेलें वाक्य नसल्यामुळें समोरच्याचें ऐकल्यावांचून उत्तर देतांच येत नाहीं. मुंबईस जो गुण कॅमेरा लावून शोधतात, तो येथें एका बाकड्याभोंवतीं, पायपेटी व मृदंग यांच्या साथीनें, रात्रभर कसास लागतो.

या दशावतारांतच बोलीचीही वांटणी झालेली आहे. राजे, ऋषि, देव बोलतात तें ग्रांथिक मराठी, संस्कृत शब्दांनीं मढविलेलें. आरंभींच्या भागांत काळ्या पोषाखांत येणारा संकासुर मात्र मालवणींत बोलतो. वेद पळविणारा तो असुर. विष्णूच्या हातून त्याचा वध ठरलेला. पण प्रेक्षकांशीं थट्टा करतो तो हाच, गांवकऱ्यांच्या खोड्या काढतो तो हाच, आणि पोरें जाग्रण करून वाट पाहतात ती याचीच. लोकांची बोली बोलणाऱ्यास दर खेपेस मारावयाचें आणि मनांतून त्याच्यावरच अधिक प्रेम करावयाचें, असा हा विलक्षण करार आहे.

मुंबईकडच्या नाटकांनीं व चित्रपटांनीं हा करार उचलला. पण त्यांतलें प्रेम थोडें कमी केलें. कोंकणांतून पोटासाठीं मुंबईस गेलेला घरगडी, ज्यास सरसकट 'रामा' म्हणत, त्याच्या तोंडीं ही बोली पडली. बंगल्याचे मालक शुद्ध बोलावयाचे, नायक-नायिका शुद्ध बोलावयाचीं, आणि चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या रामानें 'खंय' म्हटलें कीं थिएटरांत हंशा व्हावयाचा. विनोद त्याच्या बोलण्यांत नसे. तो तसें बोलतो यांतच असे.

हें चित्र पालटलें तें १९८० सालीं. गंगाराम गवाणकर यांचें 'वस्त्रहरण' त्या वर्षीं रंगभूमीवर आलें. त्या वेळीं सिंधुदुर्ग जिल्हाही वेगळा झालेला नव्हता. तो १९८१ सालीं झाला. एका गांवांत लोक द्रौपदीवस्त्रहरणाचें नाटक बसवितात आणि त्याचा कसा फज्जा उडतो, एवढेंच त्याचें कथानक. मालवणजवळच्या रेवंडी गांवचे मच्छिंद्र कांबळी त्यांत तात्या सरपंच झाले. नाटकभर मालवणी बोलणारा मनुष्य नाटकाच्या मध्यभागीं उभा राहिला, आणि इतर पात्रें त्याच्याभोंवतीं फिरूं लागलीं. पु. ल. देशपांडे यांनीं तें पाहून मनापासून वाखाणलें. प्रयोग पांच हजारांच्या वर गेले. मंडळी तें घेऊन लंडनपर्यंत जाऊन आली. कांबळी २००७ सालीं वारले. त्यांना कोणी नायकाच्या रूपाचे म्हणालें नसतें. पण त्यांच्यापुढें प्रेक्षक हंसत तेव्हां तात्या सरपंचाच्या आढ्यतेस हंसत, त्याच्या बोलीस नव्हे. बोली नायकाच्या तोंडीं गेली कीं विनोदाची जागा बदलते, हें त्यांनीं दाखवून दिलें.

दूरचित्रवाणीनें हा धडा पुष्कळ उशिरां गिरवला. २०१६ सालीं सावंतवाडीजवळच्या आकेरी गांवांत 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका चित्रित झाली. ती भयकथा होती, विनोदी नव्हती; परंतु तिच्या लेखनांत ज्यांचा वांटा होता त्या प्रल्हाद कुडतरकर यांनींच उभा केलेला विसराळू पांडू घरोघर लाडका झाला. पुढच्याच वर्षीं 'गाव गाता गजाली' ही तर उघडउघड मालवणी विनोदी मालिका झी मराठीवर आली. मुलांच्या तोंडीं चार मालवणी शब्द बसले, पर्यटक आकेरीचें घर पाहावयास येऊं लागले.

मग अडचण राहिली कोठें? ती अशी कीं, गांव मालवणी असलें तरच नायक मालवणी असावा अशी एक अलिखित समजूत अजून बसलेली दिसते. गोष्ट मुंबईच्या बिऱ्हाडाची झाली कीं तोच नट पुन्हां चहाचा ट्रे उचलावयास जातो. यांत सत्य तरी कितीसें आहे? परळ-लालबागच्या चाळी ज्यांनीं भरल्या, गिरण्यांचे भोंगे ज्यांच्यासाठीं वाजले, त्यांत कोंकणची माणसें किती होतीं हें कोणास सांगावयास नको. त्यांचीं मुलें-नातवंडें आज बँकेंत आहेत, कचेरींत आहेत, शाळेंत शिकवीत आहेत. मुंबईंतला कारकून मालवणी हेल काढून बोलतो असें दाखविलें तर तें विनोदासाठीं केलेलें सोंग ठरणार नाहीं. तें साधें खरें चित्र ठरेल.

आमचें म्हणणें असें मुळींच नाहीं कीं मालवणी पात्र मालवणी माणसानेंच करावें. मुंबईंत वाढलेले तेच दिलीप प्रभावळकर २०२५ सालीं 'दशावतार' या चित्रपटांत बाबुली मेस्त्री नांवाचा कोंकणांतला म्हातारा दशावतारी नट झाले, तेव्हां त्यांनीं वयाचीं ऐंशीं वर्षें ओलांडलेलीं होतीं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वींचा तो पुणेरी चिमणराव आमच्या देवळांपुढें उभा राहिला आणि आम्हांस तो परका वाटला नाहीं. नटास परकी बोली कमावतां येते, आणि कमावली तर ती त्याची होते. परंतु दार उघडावयाचें तर तें दोन्ही बाजूंनीं उघडावें. दादरच्या नटानें मालवणी व्हावें, तसें मालवणच्या मुलानेंही कारकून व्हावें. परीक्षा दोघांची सारखी घ्यावी.

आतां थोडें आपल्या घरांत डोकावूं, कारण दोष केवळ परीक्षकांच्या माथीं मारून भागणार नाहीं. आमच्या लहानपणीं अंगणांत खेळतांना आम्ही सर्व मुलांबरोबर मालवणी बोलत असूं. उंबरठा ओलांडून आंत आल्यावर तोंडांतून 'खंय' निघालें कीं आजी डोळे वटारी : "खंय नव्हे, कोठें म्हण." तिचा हेतु चांगलाच होता, शाळेंत आमचें अडूं नये एवढीच तिची इच्छा. पण त्यांतून एक गोष्ट आम्ही न सांगतां शिकलों, ती ही कीं बाहेरची बोली गड्यामाणसांची व आंतली बोली आपली. ज्या परीक्षकानें भाच्याच्या हातीं गड्याचा कागद दिला, तोही अशाच कोणा आजीचा नातू असावा. त्यानें दुष्टपणा केला नाहीं. लहानपणीं उंबरठ्यावर जें शिकला तेंच त्यानें कचेरींत केलें. आणि ज्या मालिका हें असेंच दाखवितात त्या आपण सुशिक्षित घरांतलीं माणसेंच रोज जेवतांना पाहत असतों. रोज दिवाणखान्यांत कोणास नायक म्हणून बसवून घ्यावयाचें आणि कोणास स्वयंपाकघराच्या दाराशीं उभें करावयाचें, हें आपणच ठरवीत असतों.

यावरून बहिणीस आम्हीं लिहिलें तें असें. शिकवणी अवश्य लावावी. परंतु ती बोलणें सुधारण्यासाठीं म्हणून लावूं नये, आणखी एक बोलणें शिकण्यासाठीं लावावी. पुण्याचें, नागपूरचें, कोल्हापूरचें असें चार ठिकाणचें मराठी ज्यास येतें तो नट चार घरांचा होतो. जुनें टाकून नवें घेणारा मात्र एकाच घरचा राहतो, आणि तेंही भाड्याच्या. दुसरें असें कीं, पोटाचा उद्योग सोडूं देऊं नये. बाळ कर्वे मुंबई महानगरपालिकेच्या नोकरींत राहूनच रंगभूमीवर वावरले. पोट भरलेलें असलें म्हणजे गड्याचा कागद नम्रपणें परत करतां येतो. उपाशी माणसास तो घ्यावाच लागतो. तिसरें, यंदां जत्रांच्या दिवसांत त्यानें आठ दिवसांची रजा काढून घरीं यावें, आणि रात्रीं देवळापुढें बसून राजपार्ट करणारा नट समोरच्याचें कसें ऐकतो तें पाहावें. मुंबईच्या कोणत्याही वर्गांत तें फी देऊन शिकावयास मिळणार नाहीं.

भाच्याच्या एका ओळीचें उत्तर निराळें द्यावयाचें होतें. पुष्कळ वर्षांत ती बोली आम्हीं लिहिलेली नव्हती. लेखणी अडखळली आणि मनाची थोडी लाजही वाटली. तरी पत्राच्या तळाशीं लिहिलें : "तुज्या बोलण्यात कायएक वायट नाय, बाबा. आमच्या आयकण्यात होता." पत्र लिहून झाल्यावर घरांत तें वाचून दाखविलें. आजी आज असती तर तिनें चष्मा कपाळावर चढवून हें वाक्य प्रथम दुरुस्त केलें असतें, आणि मग दुसऱ्यांदां वाचून बहुधा तसेंच राहूं दिलें असतें.